कोळशाशिवाय एक रविवार

रविवारी सकाळी बाबा संडासातून बाहेर आले, त्यांच्यामागून मी आत गेले, दार लावून घेतलं आणि मला वास आला. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. संडासात वास येणारच. पण आमच्या घरात तो गेले कित्येक महिने येत नव्हता, आणि येत नव्हता तो माझ्यामुळे. मी कमोडच्या सीट आखते. कारखान्यात त्या दुसरेच लोक बनवतात, पण कागदावर पहिली रेघ माझी असते. घरी बसवलेली सीट माझी स्वतःची होती, अजून बाजारात न आलेली, गादीची. बसलं की गादी दबते, गादीखालचा भाता दबतो आणि भात्यातली हवा कोळशाच्या पुडीतून गाळून, जरासा सुगंध घेऊन, कडेच्या बारीक भोकांतून बाहेर येते. उठलं की भाता फुगतो आणि भांड्यातली हवा आत ओढून घेतो. मग झाकण आपोआप खाली येतं आणि पाणी सुटतं. माणसाला मागे वळून बघावंसुद्धा लागू नये, ही माझी कल्पना. साहेबांना ती इतकी आवडली होती की मीटिंगमध्ये त्यांनी स्वतः खुर्चीतून उठून, मागे न बघता चालत दारापर्यंत जाऊन दाखवलं होतं, आणि आम्ही सगळे हसलो होतो. तर शनिवारी ऑफिसने कोळशाची पुडी वजन करायला परत मागवली. नवा सुगंध तयार व्हायचा होता, म्हणून नवी पुडी सोमवारी मिळणार होती. पुडी नसली की झाकणही चालत नाही आणि पाणीही सुटत नाही, अशी सोय मीच करून ठेवली होती, लोकांनी आळस न करता पुडी बदलावी म्हणून. त्यामुळे त्या दिवशी माझी सीट म्हणजे नुसती एक गादी होती.

आणि वास आल्यावर मी काय केलं? घाबरले वगैरे काही नाही. मी खूश झाले. म्हटलं, बरं झालं, कोळशाशिवाय काय परिस्थिती असते ते आयतंच कळतंय, उद्या ऑफिसात सांगायला होईल. आमच्याकडे वास घ्यायची एक पद्धत आहे. आमच्या सुगंधाच्या केमिस्टने, ज्याला सगळे अत्तरवाला म्हणतात, ती आम्हाला घोटून घोटून शिकवली आहे. तोंड किंचित उघडं ठेवायचं, लहान लहान हुंगे घ्यायचे, आणि विचार न करता डोक्यात येईल तो शब्द बोलून टाकायचा. चांगला-वाईट म्हणायचं नाही, नुसता शब्द. कुणी म्हणतं ओला पुठ्ठा, कुणी म्हणतं जुनी पर्स. मीही तशीच उभी राहिले, शहाण्यासारखी, आपल्याच संडासात, तोंड उघडं ठेवून. पहिला शब्द आला, गोडसर. दुसरा आला, गंज. तिसरा शब्द आला, आई. 

कारण आई ज्या वॉर्डात गेली, त्या वॉर्डाच्या संडासात हाच वास होता. हाच म्हणजे हाच, यासारखा दुसरा नाही. आईच्या पोटात कुठेतरी रक्त पाझरत होतं आणि ते खाली येईपर्यंत काळं होत होतं, डांबरासारखं. मी तिला धरून आत न्यायची आणि बाहेर आल्यावर सारखे हात धूत राहायची. तिथे एक सिस्टर होत्या, पिकलेल्या केसांच्या, कधी हसायच्या नाहीत. त्यांनी मला एकदा बेसिनपाशी गाठून सांगितलं होतं, की हा वास नीट ध्यानात ठेव, पुन्हा कुठे आला तर कुणाची वाट बघत बसू नकोस, उचल आणि घेऊन ये. मी मान डोलावली होती. तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई काय बोलतेय, आई इथेच आहे, आणखी कुणाला आणायचं? चार लोक असलेलं घर नव्हतं आमचं. आई, बाबा आणि मी. आई गेल्यावर बाबा आणि मी.

मी खाली वाकून बघितलं. खरं सांगायचं तर मला बघायचं नव्हतं. बाबांनी हाताने पाणी सोडलं होतं, त्यांच्या मते सगळं वाहून गेलं होतं, पण भांड्याच्या उतारावर एक काळी रेघ राहिली होती, बोटाएवढी. कागदाने पुसून बघितली. चिकट.  मी सीटवर बसले, कपड्यांसकट, आणि माझ्या वजनाने गादी हळूच खाली गेली, भाता दबला आणि कडेच्या भोकांतून हवा बाहेर आली, फुस्स, कोरडी, नुसती. ऑफिसात त्या आवाजावर आम्ही किती दिवस घालवले होते. तो आवाज दिलासा दिल्यासारखा वाटला पाहिजे, असं साहेब म्हणायचे. मी मनात हिशेब लावायला लागले. त्यांनी काळी द्राक्षं खाल्ली असतील. लोखंडाच्या गोळ्यांनीही असं होतं म्हणतात, पण लोखंडाच्या गोळ्या ते घेत नव्हते, ते गुडघेदुखीच्या घेत होते, आणि त्या गोळ्या मीच आणून द्यायची, त्यांनी मागितल्या की, कधी उपाशीपोटी घेऊ नका असंसुद्धा न सांगता. काळी द्राक्षं घरात आणलीच नव्हती. मग कधीपासून? हा प्रश्न आला आणि भीती खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. आजपासून असेल तर ठीक होतं. पण आजपासून कसं असेल? आज फक्त वास आला होता.

आमच्या घरी हे सगळं कळायला एक नाक होतं, आईचं. घर ती नाकाने चालवायची. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं. बाबा बाहेरून कुणाशी भांडून आले की त्यांच्या घामावरून कळायचं म्हणे, आणि बाबा शपथेवर सांगायचे की ते खरं आहे. आणि माझ्यामागून ती संडासात गेली की बाहेर येऊन सरळ सांगायची, आज शाळेत जायचं नाही, तुझं पोट ठीक नाही. मैत्रीण घरी आलेली असली तरी सांगायची. माझी मान शरमेने खाली जायची, कान तापायचे, जीव नकोसा व्हायचा. एवढ्याशा गोष्टीवरून मी तिच्याशी दोन दोन दिवस बोलायची नाही. तेव्हापासून मनात एकच होतं, की आपल्या आतलं दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. लोक मला विचारतात, मुलीच्या जातीने हा कसला धंदा निवडलास, आणि मी काहीतरी गमतीचं उत्तर देऊन वेळ मारून नेते. पण कारण हेच. मला असा संडास हवा होता की तिथून बाहेर पडताना माणसाची मान वर असेल. आणि तो मी केला. इतका चांगला केला की आमच्या घरात कुणाच्या पोटात काय चाललंय ते कुणाला म्हणजे कुणालाच कळेना.

बाहेरून बाबांचा आवाज आला. चहा झालाय, निवतोय, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं.  पण उठवेना. बाहेर गेलं की त्यांच्याकडे बघावं लागणार होतं, आणि मला त्यांच्याकडे बघायची भीती वाटत होती. लहानपणी वाटायची तशी साधी भीती. बाबा म्हणजे शिंपी माणूस. दुकान बंद केलं तरी मशीन घरात आहे आणि सकाळी ते त्यावर बसतातच. ही सीट पहिल्यांदा घरी आणली तेव्हा ते पोट धरून हसले होते. म्हणाले, जन्मभर पॅंट शिवायला लोकांच्या सीटचं माप घेतलं, आता पोरगी सीट बनवते, धंदा घरातच राहिला म्हणायचा. आणि मग गादीवरून हात फिरवून म्हणाले, ही शिवण इथे नको, बोचेल. कारखान्याने शिवण मधोमध घेतली होती. बाबांनी ती उसवून खालच्या अंगाला घेतली, वरून एकसंध, बोटाला लागणारसुद्धा नाही अशी, आणि तेच कव्हर पुढे नमुना म्हणून मान्य झालं. साहेबांनी त्यांना निरोप पाठवला, की कारागीर आहात. तो निरोप बाबांनी जिन्यात भेटेल त्याला ऐकवला. त्यानंतर ते सीटची काळजी स्वतःच्या मशीनसारखी घ्यायचे. मला सुरुवातीला रोज विचारायचे, काय, मी गेल्यावर काही आलं का नाकाला? मी म्हणायची, गुलाब आला बाबा. आणि ते समाधानाने मान हलवायचे.

शेवटी उठले. ते खिडकीपाशी बसले होते, कप हातात घेऊन, दोन्ही हातांनी धरून. मी आजवर त्यांच्याकडे बघत नव्हते असं नाही. रोज बघत होते. पण त्या सकाळी जे दिसलं ते सगळं आधीपासूनच तिथे होतं आणि मला दिसलं नव्हतं. नखं पांढरी. ओठ पांढरे. डोळ्यांखालचा रंग उतरलेला. जिन्याच्या वळणावर ते थांबायचे, आणि मी म्हणायची, वय झालं बाबा, हळू. परवा मशीनवरून उठताना तोल गेला, आणि मी म्हटलं, चष्मा बदला. प्रत्येक गोष्टीला मी काहीतरी छान नाव देऊन ठेवलं होतं. मग माझी नजर त्यांच्या पॅंटवर गेली. कमरेला मागे, पट्ट्याखाली, शिवण नवी होती. आणि त्या शिवणीच्या आत आणखी एक शिवण, तीही फार जुनी नाही.  मी विचारलं, पॅंट कधी आत घेतली? ते सहज म्हणाले, सैल होत होती, एकदा घेतली, पुन्हा झाली, पुन्हा घेतली. कापड चांगलं आहे, टाकून कशाला द्यायची. म्हणजे हा माणूस महिनोन्‌महिने खंगत होता आणि दर वेळी स्वतःला नीट बसेल असं शिवून घेत होता.

मग मी विचारलं. कसं विचारलं ते माझं मला माहीत. आमच्यात या गोष्टी बोलायची रीत नाही. आई असताना तीच सगळ्यांच्या वतीने बोलायची, आणि ती गेल्यावर तो विषयच घरातून गेला. बाबांचा चेहरा आधी कळलंच नाही असा झाला आणि मग कळल्यावर त्यांना राग आला. सकाळी सकाळी काहीतरीच काय विचारतेस, चहा घे, असं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी ऐकलं नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि पुन्हा विचारलं, रंग काळा होता का, आणि आज पहिल्यांदा की आधीपासून.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मागे वळून कोण बघतंय? रोज उठेपर्यंत झाकण पडतं. तूच म्हणालीस ना, बघावंच लागत नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी उठले, त्यांच्या चपला आणल्या, आणि त्यांच्या पायांत घालायला लागले तेव्हा त्यांना एकदम समजलं की हे काहीतरी गंभीर आहे. त्यांनी कप खिडकीत ठेवला.  जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या हाताला वजनच नव्हतं. खाली गाडी मिळेपर्यंत मी त्यांना कंपाउंडच्या कट्ट्यावर बसवलं, आणि शेजारून पेपरवाला जाताना विचारून गेला, सकाळी सकाळी कुठे निघालात. बाबांनी सांगितलं, जरा फिरून येतो. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच क्षणी रडू आलं. गाडीत मी त्यांच्याकडे सारखी बघत होते, छाती हलतेय का, हलतेय.  बाबा डोळे मिटून बसले होते आणि मध्येच डोळे न उघडता म्हणाले, की गॅस बंद केलास का. मी म्हटलं, केला. केला होता की नाही ते मला आठवत नव्हतं, आणि आठवून बघायची ताकदही नव्हती.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला, पण चांगला. त्याने बाबांची पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबलं, आणि पडदा ओढून जे तपासायचं ते तपासलं. हातमोजा काढताना त्याने माझ्याकडे बघितलं त्यावरूनच मला कळलं. रक्त पाझरतंय, बहुतेक गोळ्यांमुळे जखम झालीय, शरीरात फारच थोडं राहिलंय, लगेच चढवायला घेऊ. दुर्बीण घालून जखम बंद करणारे मोठे डॉक्टर रविवारमुळे संध्याकाळी येणार होते. तोपर्यंत टिकलं तर काळजीचं कारण नाही, असं तो म्हणाला.  आणि मग त्याने तो प्रश्न विचारलाच. कधीपासून आहे? असं पुष्कळ रक्त जातं तेव्हा फार उग्र वास येतो, घरात लक्षात येतं, असंही तो म्हणाला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. मी तोंड उघडलं.  काय सांगणार होते मी त्याला? आणि माझ्याआधी बाबाच बोलले, पलंगावर आडवे पडल्या पडल्या, पांढऱ्या ओठांनी, पण आवाजात तोच जिन्यातला तोरा.

"वास येतच नाही हो आमच्याकडे. माझ्या मुलीने सीट केलीय तशी, गादीची. जरासुद्धा येत नाही. कव्हर मी शिवलंय."

डॉक्टर हसला. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, खरंच का, आणि म्हणाला की बाजारात आली की कळवा, माझ्या आजोबांना कडक सीटवर बसवत नाही. मी म्हटलं, कळवते. काय करणार? बाबांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली, बघ, गिऱ्हाईक मिळालं. मी हसले. मग मी चादर सारखी करायला वाकले. मनातल्या मनात मी त्या सीटचे तुकडे तुकडे करत होते, भाता फाडत होते, पुडी उसवून काळा कोळसा सगळ्या घरभर उधळत होते. आणि त्याच मनात दुसरीकडे, मला लाज वाटते सांगायला, मी विचार करत होते की पुडी कालच परत मागवली नसती तर. अत्तरवाल्याचा नवा सुगंध वेळेवर तयार झाला असता तर. आजही मी आत गेले असते, गुलाब आला असता, चहा घेतला असता आणि बाबांना म्हटलं असतं, चला, आज कुठेतरी फिरून येऊ, तुम्ही सारखे घरात बसता.

रक्ताची पिशवी लागली. डॉक्टर जाताना मला बाजूला घेऊन सांगून गेला, की आता लक्ष तुमचं. पुन्हा शौचाला झाली आणि तशीच काळी, त्याच उग्र वासाची असली, तर अजून वाहतंय असं समजायचं. मग संध्याकाळची वाट बघायची नाही, मोठ्या डॉक्टरांना घरून बोलावून घेऊ. वेळ घालवू नका. लगेच सिस्टरला हाक मारा. मी मान डोलावली. आणि मला नवीनच भीती सुरू झाली. माझं नाक. इतकी वर्षं अत्तरवाल्याच्या कागदाच्या पट्ट्या हुंगून हुंगून ते आता कुठल्या लायकीचं राहिलंय? सकाळी घरी मोकळ्या हवेत कळलं, पण इथे फिनेल होतं, औषधं होती, पलीकडच्या पलंगावरच्या बाईने संत्रं सोललं होतं. मी माझा हात हुंगून बघितला. साबण. रुमाल हुंगला. काहीच नाही. मी बाबांच्या उशाशी बसून राहिले आणि नुसता श्वास घेत राहिले, आणि दर श्वासाला वाटत होतं की आता आला, नाही, भास झाला. बाबा डोळे मिटून पडले होते. मला ते झोपलेत का आणखी काही, हे कळेना, म्हणून मी दर थोड्या वेळाने त्यांच्या पायाला हात लावायची आणि ते पाय आत ओढून घ्यायचे. गुदगुल्या होतात, म्हणायचे.

दुपार टळत आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, जायचंय. मी त्यांना उठवलं. सिस्टरने रक्ताच्या पिशवीचा दांडा चाकांवर ढकलत दारापर्यंत आणून दिला आणि मी एका हाताने तो दांडा आणि एका हाताने बाबांना धरून आत नेलं. जागा एवढीशी होती. त्यांना बसवेपर्यंत त्यांचं कपाळ घामाने गच्च झालं, आणि घाम थंड होता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी हाताने खूण केली, बाहेर थांब. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्या तोंडावर तीच शरम दिसली जी माझ्या तोंडावर असायची, मैत्रिणींसमोर, आई बोलायची तेव्हा. मोठ्या माणसाची शरम, आणि तिला कुठे जायला जागा नव्हती.

"तू जा गं," ते म्हणाले. "वास येईल."

"येऊ दे, बाबा."

त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. मी दांडा घट्ट धरला आणि तोंड मिटून नाकाने श्वास घेतला, जेवढा आत मावेल तेवढा.  बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं. मग बाबांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "आला?"

"आला," मी म्हटलं, आणि सिस्टरला हाक मारली.